चेहरा दिसलाच पाहिजे का? (वाचकांचे प्रश्न)

मंडळी, मागच्या अंकात जाता जाता एक ओळ टाकली होती, की कुणी बँडबिंड करत असाल आणि व्हिडिओ फसला असेल तर कळवा. मला वाटलं दोन-तीन पत्रं येतील, आली ढीगभर. सोलापुरात एवढी पोरं डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून गिटार बडवतायत हे त्यांच्या शेजाऱ्यांना माहीत असणार, मला नव्हतं. आधीच सांगतो, मी मुळात लग्नाचा शूटिंगवाला. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेलं पोरगं, त्या पोराच्या मागे वायर गुंडाळणारं दुसरं पोरगं, असं बरीच वर्षं फिरलोय. मग एडिटिंगला बसलो आणि नंतर दोन-चार बँडची कामं केली, त्यात पहिली दोन सपाटून आपटली. तर खालचं सगळं आपटलेल्या माणसाचं ज्ञान आहे असं समजून वाचा.

दादा, आमचा चौघांचा बँड आहे, गाणं स्वतःचं, चांगलं हेवी आहे. मित्राच्या वडिलांच्या चादरीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना शूट केलं. दोन मोबाईल, तीन एलईडी पॅनल, तिन्ही समोरून लावले म्हणजे चौघं नीट दिसतील. आता फुटेज बघूलालो तर वाटतंय हातात अक्षता घेऊन बसावं. शिवाय मागच्या भिंतीवर ट्यूबच्या काळ्या पट्ट्या पळूलालेत. काय चुकलं? (गिटार आणि गाणं, अशोक चौक)

अक्षता वाचून मोठ्याने हसलो, कारण रोग तू स्वतःच पकडलायस. लग्नाच्या शूटिंगला नियम एकच, सगळं दिसलं पाहिजे. नवरी, शालू, दागिने, रुसलेला मामा, पंगतीतली शेवटची व्यक्ती. आत्याचा चेहरा अंधारात गेला तर शूटिंगवाल्याचे पैसे कापतात. म्हणून आम्ही लाईट समोरून मारतो, भरपूर आणि सपाट. समोरून लाईट मारला की सावल्या माणसाच्या मागे जाऊन लपतात, चेहरा भाकरीसारखा चपटा होतो, घाम दिसत नाही, गळ्याची शीर दिसत नाही, तारेवरचं बोट दिसतं पण त्याचा जोर दिसत नाही. आणि रॉकमध्ये तर दाखवायला तेवढंच आहे ना बाबा. रॉकच्या व्हिडिओत आधी ठरवायचं असतं ते काय दाखवायचं नाही.

म्हणजे असं कर. तीनपैकी एक पॅनल ड्रमरच्या मागे उंचावर टांग, कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करून, पण खांबाच्या किंवा मागाच्या आडून, दिवा स्वतः दिसता कामा नये. दुसरा एका बाजूने, खांद्याच्या थोडा मागून. तिसरा बंद ठेव, अगदी गरज वाटली तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मार, भिंतीवरून जेवढा परत येईल तेवढा बास. मग बघ, केसांना कड येते, झांजेवर चमक येते, चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात जातो आणि ती जागा बघणारा मनाने भरतो. आणि तू बसलायस कुठे, चादरीच्या कारखान्यात! जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, ते वरून लोंबणारे शेकडो दोरे, त्यातून मागून लाईट आला तर कुठल्या सेटवाल्याला लाखभर रुपये देऊनही मिळणार नाही असं दिसतं. तुम्ही तेच सपाट लाईटने पुसून टाकलंत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मागून आलेला लाईट हवेत दिसायला हवेत काहीतरी लागतं. कारखान्यात कापसाचा बारीक तंतू तरंगत असतो, तो थोडं काम करतो. कुणीतरी सुचवेल की धूप पेटव, ऊद टाक. सुताच्या गाठोड्यांमध्ये निखारा अजिबात न्यायचा नाही, गाणं राहील बाजूला आणि पेपरात फोटो येईल. डीजेवाल्याकडून फॉग मशीन एका दिवसाला भाड्याने आण, मालकांना विचारून, आणि मशीन सोडल्यावर लगेच रोल करू नको, दोन मिनिटं पंखा लावून धूर पसरू दे, नाहीतर गाणं चालू आणि ड्रमर ढगात असं होतं.

आता पट्ट्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, कारण मोबाईलचा सेन्सर चित्र एका झटक्यात घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. मोबाईल ऑटोवर असला की समोरून भरपूर उजेड मिळाल्यावर शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) स्वतःच पळवतो आणि मग काही ओळी तेज क्षणात पडतात, काही मंद क्षणात. मॅन्युअल मोड असलेलं कॅमेरा अॅप घे, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर लॉक कर, ट्यूबच्या पट्ट्या जातील. स्वस्त एलईडी पॅनल मंद केलं की वेगळ्याच तालात लपलपतं, त्याला हा हिशोब लागू नाही, ते फुल्लवर ठेवून लांब सरकव. दहा सेकंद टेस्ट काढून मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय बँडला घाम गाळायला लावू नको.

आणि झूम करू नको रे. झूम म्हणजे लांब उभं राहून डोकावणं. वाईड लेन्स ठेव आणि चालत जा, गिटारच्या दोन फुटांवर जा, एवढ्या जवळून हात मोठा दिसतो आणि गिटारचा दांडा बाणासारखा अंगावर येतो.

भाऊ नमस्कार, मी बँडमधली कुणी नाही, मी आई आहे. मुलाने दोन महिने पैसे साठवून व्हिडिओ केला. मोठ्या हौसेने सगळ्यांना बोलावून टीव्हीवर लावला, तर चार मिनिटांत याचा चेहराच नाही! कधी केस, कधी पाठ, कधी नुसता हात. सासूबाई विचारतात यात आपला कुठला? तो म्हणतो आई हे असंच असतं. खरंच असंच असतं का? (एक आई, जुळे सोलापूर)

ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय, पण अर्धंच.

जागरण-गोंधळ बघितलाच असेल तुम्ही. दिवटीच्या उजेडात गोंधळ्याचा चेहरा कधी पूर्ण दिसतो का? दिवटी हलते, चेहरा येतो आणि जातो, म्हणून तर आपण डोळे ताणून बघत बसतो. तोच गोंधळी ट्यूबलाईटखाली उभा केला तर माणूस तोच, गाणं तेच, पण अंगावर काटा येणार नाही. मुलाचा दिग्दर्शक तेच करायला बघत होता.

आता उरलेलं अर्धं. अमेरिकेतला निर्वाणा नावाचा बँड, त्यांचा 'स्मेल्स लाईक टीन स्पिरिट'चा व्हिडिओ १९९१ साली आला, सॅम्युएल बायर नावाच्या दिग्दर्शकाने केलेला. शाळेच्या जिमसारखी जागा, धूर, मळकट पिवळा उजेड, आणि गाणारा कर्ट कोबेन बहुतेक वेळ केसांच्या आड. एडिटिंग त्याला पटलं नाही म्हणून कोबेन स्वतः त्यात घुसला आणि बदल करून घेतले, त्यातला एक मोठा बदल असा की अगदी शेवटी, शेवटून दुसरा शॉट, त्याच्या चेहऱ्याचा क्लोजअप टाकला. गाणंभर लपवला आणि शेवटी समोर आणला. तो एक शॉट अंगावर येतो तो आधीच्या चार मिनिटांमुळे. सुरुवातीपासून चेहराच दाखवत बसले असते तर शेवटचा क्लोजअप हा नुसता अजून एक क्लोजअप झाला असता.

तुमच्या मुलाने लपवलं बरोबर, पण द्यायचं विसरला. त्याला म्हणावं, ज्या ओळीला आवाज सगळ्यात मोकळा सुटतो तिथे एकदा, चार-पाच सेकंद, पूर्ण चेहरा, बाजूने लाईट, कट नाही. एवढ्यासाठी सगळं परत शूट करायला नको, एका संध्याकाळी खिडकीपाशी उभं करून होईल. सासूबाईंना तेवढं पुरेल की नाही याची हमी मात्र मी देत नाही.

दादा, मी आमच्या ग्रुपचा एडिटर आहे. गाणं १२० बीपीएम (मिनिटाला १२० बीट, म्हणजे ठोके), बरोबर चार मिनिटं. प्रत्येक बीटवर कट मारला, एकसुद्धा चुकवला नाही, तीन रात्री जागलो. मित्र म्हणतात बोअर होतंय. एवढं फास्ट असून बोअर कसं होईल? (एडिटर, विजापूर रोड)

चार मिनिटं गुणिले १२०, म्हणजे ४८० कट. तीन रात्रीत ४८० कट मारलेस म्हणून आधी दंडवत घे.

पण बघ, मागाची खटखट कानावर पहिली पाच मिनिटं पडते, मग ऐकूच येत नाही, कारखान्यात वाढलेल्या कुणालाही विचार. माग थांबला की मात्र झोपेतला माणूस उठून बसतो. तुझ्या कटचं तेच झालंय. बीट कानाला ऐकू येतोच आहे, तोच डोळ्यालाही परत सांगितलास तर डोळा म्हणतो कळलं रे बाबा, आणि पुढे बघायचं सोडतो. तेव्हा गाणं ऐकून आधी कागदावर लिही, कुठे काय ऐकू येतंय. व्हर्समध्ये (कडव्यात) बेस गिटार ऐकू येतो ना, मग बेसवाल्याची बोटं आठ सेकंद धरून ठेव, म्हणजे तुझ्या स्पीडला चार बार (चार-चार ठोक्यांचे चार गट). ड्रमर तर पहिल्या कोरसपर्यंत (धृपदापर्यंत) दाखवूच नको, नुसता ऐकू दे. मग ज्या फिलवर (दोन भागांमधल्या ड्रमच्या तुकड्यावर) तो गाण्यात कोसळतो तिथे त्याच्यावर कट मार, आणि तिथे खुशाल बीटवर चार-सहा कट लागोपाठ मार, आता ते लागतील. मी पहिल्या कामात ड्रमरला पहिल्याच शॉटला दाखवून बसलो होतो, त्यानंतर चार मिनिटं माझ्याकडे वाढायला ताटात काही उरलंच नाही.

दोन बारीक गोष्टी. एक, सेकंदाला २५ फ्रेमच्या टाईमलाईनवर १२० बीपीएमचा एक बीट साडेबारा फ्रेमचा होतो, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही, म्हणून कधी १२ कधी १३ होणारच, त्यावर रात्र घालवू नको. दोन, कट बरोबर बीटवर ठेवण्यापेक्षा एक-दोन फ्रेम आधी ठेवून बघ, म्हणजे नवीन चित्र डोळ्यात बसेपर्यंत ठोका पडतो. मला तरी तो नेहमी जास्त घट्ट वाटतो.

प्रत्येक ठोक्याला चित्र बदलून सुद्धा जमवता येतं बरं का, नियम असा काही नाही. दिग्दर्शक मिशेल गोंड्रीने २००३ मध्ये द व्हाईट स्ट्राईप्स या बँडसाठी 'द हार्डेस्ट बटन टू बटन' केला, त्यात ठोक्याला एक नवीन ड्रम आणि अॅम्प (गिटारचा स्पीकर) रस्त्यावर उगवत जातो, रांगच्या रांग. पण तिथे आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र यांचं नातं आहे, आता पुढचा कुठे उगवेल हे डोळा शोधत राहतो. तुझ्या ४८० मध्ये गिटार, पाय, आकाश, परत गिटार, भिंत. आणि उलट टोकाला ओके गो बँडचा २००६ चा ट्रेडमिलवाला, आठ ट्रेडमिल, कॅमेरा एका जागी खिळलेला, एकसुद्धा कट नाही, आणि मान वळवता येत नाही. म्हणून कट मोजू नको. पुढचं चित्र बघायची भूक लागतेय का ते मित्रांना आवाज बंद करून दाखव आणि बघ.

स्लो मोशनमध्ये गाणारा घेतला की ओठ जुळत नाहीत, नुसतं चालणं-बिलणं दाखवावं लागतं. मोठ्या बँडच्या व्हिडिओत ओठ बरोबर असतात आणि समुद्र मात्र स्लो असतो, ते कसं करतात? (सात रस्ता)

सोपं आहे आणि गाणाऱ्यासाठी अवघड आहे. शूट करताना स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं, गाणाऱ्याने त्या चिपमंकसारख्या चिरक्या आवाजाबरोबर दुप्पट वेगाने ओठ हलवायचे, आणि कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा. नंतर तेच २५ वर चालवलं की ओठ मूळ गाण्याला जुळतात आणि केस, कपडे, पाऊस सगळं निम्म्या वेगाने तरंगतं. कोल्डप्लेचा २००० सालचा 'येलो' असाच आहे, इंग्लंडमधल्या एका किनाऱ्यावर एकच शॉट. त्याच बँडने २००२ च्या 'द सायंटिस्ट'मध्ये चित्रच उलटं चालवलं, त्यासाठी गायक ख्रिस मार्टिन अख्खं गाणं उलटं म्हणायला शिकला. आपलं पोरगं तीन कडव्यांचे शब्द पाठ करत नाही, जाऊ दे.

५० फ्रेमला शटर १/१०० ठेव, वर लिहिलेला ट्यूबचा हिशोब इथेही जमतो. उजेड मात्र जास्त लागेल. आणि संथ गाण्यालाच हे कर, १२० चं दुप्पट २४० होतं, त्याला गाणाऱ्याची जीभ अडकते आणि चिडचिड होते ती फुटेजमध्ये दिसते.

कुठलं ट्रान्झिशन पॅक (दोन शॉट जोडायचे तयार इफेक्ट) विकत घेऊ? ग्लिच (चित्र बिघडल्यासारखं फाटणं), चेहऱ्यावर चेहरे येणं वगैरे पाहिजे. (नवी पेठ)

कुठलंच नको. ग्लिच तर मला आता लग्नाच्या टीझरमध्ये हळदीवर सुद्धा दिसतो.

क्वीन या बँडचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ चा आहे, दिग्दर्शक ब्रूस गॉवर्सने जेमतेम चार तासांत व्हिडिओ टेपवर उरकलेला. काळ्या अंधारात वरून उजेड पडलेले चार चेहरे, हे त्यांच्याच १९७४ च्या अल्बमच्या कव्हरवरचा फोटो जिवंत केल्यासारखं. त्यात एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात ते लेन्ससमोर पैलूदार काच धरून, आणि चेहरा मागे मागे लांब पसरत जातो ते कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरकडे वळवून. तुला हे घरी करता येतं. मोबाईल टीव्हीला जोड, खोलीत अंधार कर आणि मोबाईल त्याच टीव्हीकडे धरून मध्ये हात हलव, हाताच्या मागे हातांची रांग लागेल. जुन्या झुंबराचा लोलक मिळाला तर लेन्ससमोर धरून हळू फिरव. शंभर रुपयाच्या आत काम होतं आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत सापडत नाही.

ड्रोन भाड्याने मिळतोय. हिप्परगा तलावावर सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) घ्यायचा विचार आहे, एकदम मोठ्या बँडसारखा. खर्च वसूल होईल का? (लीड गिटार, बाळे)

तुझ्या डोक्यात 'नोव्हेंबर रेन' आहे हे कळतंय. १९९२ चा, गन्स अँड रोझेस या बँडचा, माळरानावर एकटं चर्च आणि त्यांचा गिटारवाला स्लॅश बाहेर येऊन सोलो मारतो, हेलिकॉप्टरमधला कॅमेरा भोवती फिरतो. पण तो शॉट मोठा वाटतो तो उंचीमुळे नाही. त्याच्या आधी आपण चर्चच्या आत, माणसांच्या गर्दीत, लग्नात अडकलेलो असतो, आणि तो एकटा त्यातून उठून बाहेर पडतो तेव्हा छातीत हवा भरल्यासारखी वाटते. तू पहिल्या शॉटपासून तलावच दाखवणार असशील तर ड्रोन म्हणजे नुसता पर्यटनाचा व्हिडिओ. व्हर्स एखाद्या बोळकांडीत, जिन्यात, बंद खोलीत घे, आणि सोलोला तलावावर ये, मग पैसे वसूल. उडवायची परवानगी आधी बघ. आणि उन्हाळ्यात जाणार असशील तर सकाळी सातला ये, एप्रिलच्या सोलापुरात दुपारी बाराचा सूर्य डोळ्याच्या जागी दोन काळे खड्डे करतो, शिवाय गिटारचा सूरही उतरतो.

दोन मोबाईलचं फुटेज सुरुवातीला जुळतं, शेवटी ओठ पुढे-मागे होतात. (होटगी रोड)

मोबाईल फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाही, २५ म्हणून २४ आणि काहीतरी असं हलत राहतं. एडिटला घ्यायच्या आधी सगळ्या क्लिप एका स्थिर फ्रेमरेटला कन्व्हर्ट कर. आणि शूटच्या वेळी गाणं स्पीकरवर मोठ्याने लाव, दोन्ही मोबाईलचा माईक चालू ठेव, सुरुवातीला आणि टेक संपताना अशा दोन टाळ्या वाजव. पहिल्या टाळीवर जुळव, शेवटची तपास.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या) यात्रेत शूट केलं तर? पाळणे, लायटिंग, गर्दी सगळं फुकट आहे. (ड्रमर, साखर पेठ)

कर, मला आवडली आयडिया. पण होम मैदानावर आख्खा ड्रमसेट नेऊ नको, कुणी उभं राहू देणार नाही आणि बरोबरच आहे, लोक वर्षातून एकदा जत्रेला आलेले असतात. एक स्नेअर (सेटमधला एक छोटा ड्रम), एक माणूस, एक कॅमेरा. पाळणा पाठीमागे घे म्हणजे बॅकलाईट आयता मिळतो, आणि इथे शटर मुद्दाम हळू कर, १/२५ वगैरे, दिव्यांच्या रेघा ओढल्या जातील, तू मात्र अंग हलवू नको, नुसते हात, म्हणजे तू स्थिर आणि जग फिरतंय असं येतं. इथे दिवे रंगीबेरंगी आणि वेगवेगळ्या तालात लपलपणारे असतात, पट्ट्या आल्याच तर येऊ दे, इथे त्या शोभतात. काठ्यांची मिरवणूक, अक्षता सोहळा असं काही चालू असेल तर कॅमेरा खिशात ठेव, तिथे आपला व्हिडिओ करायचा नाही.

आणि गाणं ऐकायला कानात इअरफोन घालून जा, सोबतच्याने मोबाईलचा स्पीकर कितीही कानाशी धरला तरी मौत का कुआँच्या शेजारी काही ऐकू येत नाही, मी एक अख्खी रात्र त्यात घालवलीय.